पिकासा: मूळ फोटोला हात न लावणारं सॉफ्टवेअर

प्रश्न असा आहे: संगणकावरचे फोटो शोधून मांडणारं पिकासा मुळात कोणी बनवलं, ते इतकं चांगलं असूनही बंद का पडलं, आणि ज्यांनी त्यात वर्षानुवर्षं फोटो लावले, चेहऱ्यांना नावं दिली, त्यांनी ते सगळं आता कसं वाचवायचं?

मी वीसेक वर्षं फोटो दाखवणाऱ्या आणि सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरवर काम करतो. त्यातला बराच काळ लोकांचे जुने संग्रह एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात हलवण्यात गेला. त्यामुळे पिकासा मला बाहेरून जसं माहीत आहे तसंच त्याच्या फायलींच्या पोटातूनही माहीत आहे. माझ्या मते तिन्ही प्रश्नांचं उत्तर एकाच निर्णयात आहे. तो निर्णय म्हणजे मूळ फोटोला हात लावायचा नाही.

पिकासा गूगलचं अपत्य होतं असा पुष्कळांचा समज आहे. ते तसं नव्हतं. कॅलिफोर्नियातल्या पासाडेना इथे बिल ग्रॉस यांनी १९९६ मध्ये आयडियालॅब सुरू केली. नव्या कंपन्यांना जागा, पैसा आणि माणसं पुरवून वाढवायची, हा तिचा धंदा. शोधाच्या निकालांत पैसे घेऊन जाहिरात दाखवण्याची कल्पना रुजवणारी गोटू डॉट कॉम तिथलीच. पुढे तिचं नाव ओव्हर्चर झालं आणि २००३ मध्ये ती याहूने घेतली. खेळणी विकणारी ईटॉईज ही कंपनीही तिथलीच, ती २००१ मध्ये दिवाळखोरीत गेली. याच छपराखाली लाइफस्केप नावाची छोटी कंपनी उभी राहिली. लार्स पर्किन्स तिचे प्रमुख होते आणि तंत्राची बाजू मायकेल हर्फ यांच्याकडे होती. पिकासाची पहिली आवृत्ती ऑक्टोबर २००२ मध्ये बाहेर आली. नावात तीन गोष्टी गुंफलेल्या आहेत: चित्रकार पिकासो, स्पॅनिशमधलं ‘मी कासा’ म्हणजे ‘माझं घर’, आणि ‘पिक’ म्हणजे चित्र.

तो काळ लक्षात घ्यायला हवा. डॉटकॉमचा फुगा नुकताच फुटला होता आणि नव्या कंपनीत पैसा घालायला कोणी धजावत नव्हतं. दुसरीकडे डिजिटल कॅमेरे मात्र घराघरांत शिरत होते. फिल्मच्या छत्तीस फोटोंत जपून भागवणारी माणसं एका सहलीत दोनशे फोटो काढू लागली आणि ते संगणकावर ओतू लागली. फोल्डरचं नाव एक तर कॅमेऱ्याने दिलेलं असे, नाहीतर ‘नवीन फोल्डर’. महिन्याभरात कुठला फोटो कुठे आहे याचा पत्ता राहत नसे.

फोटो उघडून बघायची सोय तेव्हाही होतीच. एसीडीसी १९९० च्या दशकाच्या मध्यापासून होतं, इर्फानव्ह्यू १९९६ पासून होतं, आणि २००१ च्या विंडोज एक्सपीमध्ये चित्र बघण्याची खिडकी आयतीच मिळत होती. पण ही सगळी साधनं ‘ही फाइल दाखव’ या हुकुमावर चालणारी होती. फाइल कुठे आहे हे आधी तुम्हाला ठाऊक असलं पाहिजे. मॅकवर जानेवारी २००२ मध्ये आयफोटो आलं. त्याने सगळे फोटो एकत्र दाखवले, पण त्यासाठी ते आधी स्वतःच्या पेटीत घेतले. त्या पेटीची आतली रचना सामान्य माणसाला कळण्याजोगी नव्हती.

पिकासाने वेगळी वाट धरली. पहिल्यांदा चालू केलं की ते अख्खी डिस्क पालथी घालायचं आणि जिथे जिथे चित्र सापडेल ते फोल्डर तारखेनुसार एका लांबलचक पानावर मांडायचं. फोटो हलवायचं नाही आणि त्यांची दुसरी प्रतही करायचं नाही. डावीकडे वर्षं आणि फोल्डरांची नावं, उजवीकडे लघुचित्रांचा पट. चाक फिरवलं की तीन वर्षांपूर्वीचा वाढदिवस समोर. विसरून गेलेले फोटो अचानक सापडल्याचा आनंद लोकांना पहिल्या दहा मिनिटांत मिळायचा. सॉफ्टवेअर एकाकडून दुसऱ्याकडे पसरलं ते याच आनंदामुळे, असं मला वाटतं.

हा पट अडखळत सरकला असता तर कल्पना तिथेच मेली असती. म्हणून वेगाबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण आमच्या धंद्यातली खरी कारागिरी तिथेच दिसते.

२०४८ बाय १५३६ बिंदूंचा एक जेपेग, म्हणजे कॅमेऱ्याने दाबून साठवलेला नेहमीचा फोटो, पूर्ण उलगडायला तेव्हाच्या संगणकाला जाणवण्याइतका वेळ लागायचा. एका वेळी पडद्यावर चाळीस लघुचित्रं हवीत आणि ती चाकाबरोबर पळायला हवीत, तर तो मार्ग बंदच. मग युक्त्या कराव्या लागतात. कॅमेरा बहुतेक वेळा फाइलच्या डोक्यातच १६० बाय १२० चं छोटं चित्र ठेवून देतो. घाईच्या वेळी ते उचलायचं. त्याहून बरं हवं असेल तर जेपेगच्या रचनेचा फायदा घ्यायचा. जेपेग चित्राचे आठ बाय आठ बिंदूंचे चौकोन पाडतो आणि प्रत्येक चौकोनाचा पहिला आकडा म्हणजे त्या चौकोनाची सरासरी छटा. फक्त तेवढे पहिले आकडे घेतले की बाकीचं गणित न करता २५६ बाय १९२ चं चित्र हातात येतं. लघुचित्राला तेवढं पुरेसं आहे. एकदा बनवलेली लघुचित्रं हजारो सुट्या फायलींत ठेवायची नाहीत, कारण हजार फायली उघडण्यातच डिस्कचा दम जातो. ती एका मोठ्या फाइलीत सलग ठेवायची. पिकासाच्या डेटाबेस फोल्डरात अशाच लघुचित्रांच्या जाड फायली सापडतात. फोटोंची बाकी माहितीही तिथे रकान्यागणिक वेगळ्या फाइलीत आहे: मथळ्यांची एक, रुंदीची एक, तारखांची एक. नुसत्या तारखेवरून क्रम लावायचा तर एकच छोटी फाइल वाचून काम भागतं.

हर्फ यांचा पिंड याच जातीचा होता. अपूर्णांकी आकडे झपाट्याने क्रमाने लावण्याची त्यांची २००१ मधली एक टिपणी आजही प्रोग्रामर धुंडाळून वाचतात. आकड्याचे बिट थोडे उलटेपालटे करून तो पूर्णांकासारखा वागवायचा आणि तुलना न करताच क्रम लावायचा, असं ते तंत्र आहे. पुढे २००९ मध्ये रात्रीच्या वेळी पडद्याचा रंग उबदार करणारं एफ.लक्स आलं, तेही त्यांचंच. पडद्यासमोर बसलेल्या माणसाला काय जाणवतं याची कळकळ दोन्हींत सारखीच दिसते.

आता मूळ मुद्दा. पिकासात फोटो कापला, उजळवला, वळवला तरी डिस्कवरची फाइल जशीच्या तशी राहायची. पिकासा त्याच फोल्डरात एक लपलेली मजकुराची फाइल ठेवायचं, ‘.पिकासा.आयएनआय’ नावाची. त्यात फोटोच्या नावाखाली दोन-चार ओळी असत: तारांकित आहे, एकदा वळवला आहे, इथून इथपर्यंत कापला आहे, उजेड सुधारला आहे. म्हणजे बदललेलं चित्र कुठेच साठवलेलं नसे. साठवलेली असे ती फक्त कृती, आणि प्रत्येक वेळी ती मूळ चित्रावर नव्याने करून दाखवली जाई. ‘आय अ‍ॅम फीलिंग लकी’ हे बटण दाबून फोटो बिघडवला तरी ती ओळ पुसली की मूळ परत. मुद्दाम ‘सेव्ह’ म्हटलं तरच बदल फाइलीत उतरायचा, आणि तेव्हाही मूळ प्रत एका लपलेल्या फोल्डरात सरकवून ठेवली जायची. पुढे व्यावसायिक छायाचित्रकारांसाठीच्या लाइटरूमने २००७ मध्ये हीच पद्धत सर्वमान्य केली. घरगुती माणसाच्या हाती ती पिकासाने त्याआधीच दिली होती, आणि याचं श्रेय त्याला पुरेसं मिळालं नाही.

धंद्याच्या बाजूने मात्र चित्र एवढं गोमटं नव्हतं. पिकासाची किंमत २९ डॉलर होती, तीही एकदाच द्यायची. फोटो माणसाच्याच डिस्कवर, त्यामुळे दरमहा भाडं घेण्यासारखं काही नाही. २००३ च्या सुरुवातीला अ‍ॅडोबीनेही घरगुती फोटोंसाठी फोटोशॉप अल्बम आणलं होतं. छोट्या कंपनीला अशा वेळी दुसरा दरवाजा शोधावा लागतो. लाइफस्केपने तो ‘हॅलो’ नावाच्या सॉफ्टवेअरच्या रूपात शोधला. दोन माणसं आपापल्या संगणकावर बसून तोच फोटो एकाच वेळी बघत गप्पा मारू शकत. मे २००४ मध्ये हॅलो ब्लॉगर या ब्लॉग लिहिण्याच्या सेवेला जोडलं गेलं, म्हणजे त्यातून फोटो थेट आपल्या ब्लॉगवर टाकता येऊ लागला. ब्लॉगर तेव्हा गूगलच्या मालकीचं होतं आणि त्यात फोटो चढवायची धड सोय नव्हती. दोन महिन्यांत, जुलै २००४ मध्ये, गूगलने पिकासा विकत घेतलं. रक्कम जाहीर झाली नाही. गूगलचे शेअर बाजारात यायला तेव्हा महिनाच उरला होता. थोड्याच दिवसांत सॉफ्टवेअर फुकट झालं.

नंतरची दहा-बारा वर्षं बहुतेक वाचकांना ठाऊक असतील, म्हणून भरभर सांगतो. जानेवारी २००५ मध्ये दुसरी आवृत्ती, २००६ मध्ये लिनक्ससाठी आवृत्ती आणि जूनमध्ये वेब अल्बम, म्हणजे फोटो इंटरनेटवर ठेवून दाखवायची सोय, २००९ च्या जानेवारीत मॅकची आवृत्ती. २००६ च्या ऑगस्टमध्ये गूगलने नेव्हन व्हिजन ही चेहरे ओळखणारी कंपनी घेतली. तिचे हार्टमुट नेव्हन नंतर गूगलच्या क्वांटम संगणकाच्या कामाकडे वळले. चेहऱ्यांची ओळख सप्टेंबर २००८ मध्ये वेब अल्बममध्ये आणि सप्टेंबर २००९ मध्ये ३.५ आवृत्तीतून घरच्या संगणकावर आली. माझ्या मते हा पिकासाचा कळस. सगळं गणित तुमच्याच यंत्रावर चालायचं. रात्रभर संगणक चालू ठेवला की सकाळी हजारो चेहरे गठ्ठ्यांत लावून तयार, तुम्ही फक्त नावं द्यायची. लोकांनी ती दिलीही, चिकाटीने, महिनोन्महिने.

मग बंद का पडलं? लोक गूगलला बोल लावतात आणि त्यात तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. पण मला कारण फोटोच्या पत्त्यात दिसतं. पिकासाचा पाया हा की फोटोचं घर म्हणजे संगणकाची डिस्क, फोल्डर हेच सत्य. आयफोन २००७ मध्ये आला आणि पाच-सात वर्षांत फोटो फोनवर काढला जाऊ लागला, फोनवरच बघितला जाऊ लागला आणि फोनवरूनच पाठवला जाऊ लागला. फोल्डर उरलाच नाही. वेब अल्बम हा पिकासाला जोडलेला पूल होता, पण घरच्या डिस्कवरचा संग्रह आणि वेबवरचा संग्रह कधीच एकजीव झाले नाहीत. इकडे नाव बदललं तर तिकडे बदलेल का, तिकडे खोडलं तर इकडचं जाईल का, हे अनुभवी माणसालाही छातीठोकपणे सांगता येत नसे. २०११ मध्ये गूगल प्लस हे गूगलचं समाजमाध्यम आल्यावर वेब अल्बम त्यात ओढले गेले आणि गोंधळ वाढला. मे २०१५ मध्ये गूगल फोटोज आलं. ते फोन आणि सर्व्हर यांच्यासाठीच बांधलेलं होतं, आणि सुरुवातीला १६ मेगापिक्सेलपर्यंतचे फोटो कितीही ठेवा, फुकट, असं त्याचं आमिष होतं. ही सवलत १ जून २०२१ ला संपली. दोन्ही एकाच घरात नांदणं शक्य नव्हतं. १२ फेब्रुवारी २०१६ ला घोषणा झाली आणि १५ मार्चला घरच्या संगणकावरच्या पिकासाचा आधार थांबला.

माझी खंत वेगळी आहे. फोटो सगळ्यांचे वाचले, कारण पिकासाने त्यांना हातच लावला नव्हता. धोक्यात आलं ते लोकांनी फोटोंबद्दल सांगितलेलं. माणूस नवा संगणक घेतो, फोटो ओढून नेतो, आणि लपलेल्या फायली मागे राहतात. मग आडवे पडलेले फोटो, नाहीसे झालेले अल्बम, बिननावाचे चेहरे. निरोप घेताना ‘सगळं फोटोच्या आत लिहून दे’ असं एक ठळक बटण द्यायला हवं होतं, आणि ते काम अवघड नव्हतं.

आता तिसरा प्रश्न, काय वाचतं आणि कसं. मथळे आणि टॅग ही सर्वांत सुरक्षित गोष्ट: जेपेगच्या बाबतीत पिकासा ती फाइलीच्या आतच लिहायचं, त्यामुळे ती आज कुठल्याही बऱ्या सॉफ्टवेअरमध्ये दिसतात. तारे, वळवणं, कापणं आणि चेहरे ‘आयएनआय’मध्ये आहेत. अल्बमची नोंद तिथेही असते आणि तुमच्या विंडोज खात्यातल्या पिकासाच्या फोल्डरातही. म्हणून पहिलं काम, लपलेल्या फायली दाखवा आणि फोल्डर अख्खेच्या अख्खे उचला. निवडून फक्त जेपेग उचलू नका. जुना संगणक चालू असेल तर त्याच्यावरून पिकासा काढू नका. ३.९ आवृत्तीत चेहऱ्यांच्या चौकटी आणि नावं फोटोच्या आत एक्सएमपी स्वरूपात, म्हणजे इतर सॉफ्टवेअरनाही वाचता येईल अशा पद्धतीने, लिहायचा पर्याय आहे. आधी पूर्ण प्रत काढून ठेवा, मग तो चालवा. डिजीकॅमसारखी सॉफ्टवेअर त्या चौकटी वाचतात. कापलेले, सुधारलेले फोटो हवे असतील तर ते पिकासातूनच ‘एक्स्पोर्ट’ करा, कारण त्या कृती हुबेहूब तशाच करणारं दुसरं काही मला सापडलेलं नाही.

पिकासा चालतच नसेल, नुसती जुनी डिस्क हाती असेल, तर ‘आयएनआय’ स्वतः वाचावी लागते. ती साधा मजकूर आहे, घाबरू नका. चेहऱ्याची चौकट ‘रेक्ट६४’ या शब्दापुढच्या कंसात सोळा अंकांनी लिहिलेली असते. समजा आकडा ४०००२०००८०००६००० आहे. त्याचे चार-चार अंकांचे चार तुकडे करा: डावी कड, वरची, उजवी, खालची. हे अंक सोळाच्या पायावरचे आहेत, म्हणून पहिले ४००० म्हणजे आपले १६३८४. त्याला ६५५३६ ने भागा, आलं ०.२५. म्हणजे चौकट फोटोच्या रुंदीच्या पाव भागावर सुरू होते. तसंच वरची कड ०.१२५, उजवी ०.५, खालची ०.३७५. फोटो ४००० बाय ३००० बिंदूंचा असेल तर चेहरा डावीकडून १००० ते २००० आणि वरून ३७५ ते ११२५ एवढ्या जागेत आहे. चौकटीपुढचा सांकेतिक क्रमांक म्हणजे माणूस. त्याचं नाव ‘कॉन्टॅक्ट्स’ नावाच्या फाइलीत असतं, ती पिकासाच्या डेटाबेसबरोबर राहते. ती गेली तर चेहरे उरतात पण नावं जाण्याची भीती असते, म्हणून ती आधी शोधा.

इथे एक खाच आहे, आणि ती मला एका बाईंच्या संग्रहाने शिकवली. त्या निवृत्त शिक्षिका. चार पिढ्यांचे फोटो स्कॅन करून दोन वर्षं बसून त्यांनी एकेका चेहऱ्याला नाव दिलं होतं, आणि त्यातली बरीच नावं त्यांच्याखेरीज कोणालाच ठाऊक नव्हती. मुलाने नव्या संगणकावर फक्त फोटो नेले. नशिबाने जुनी डिस्क कपाटात होती. मी प्रोग्राम लिहून नावं फोटोंत उतरवली आणि त्यांना दाखवायला बसलो. त्या एकेक फोटो बघत मान डोलावत होत्या. एका लग्नाच्या समूहफोटोवर थांबल्या आणि म्हणाल्या, “कडेला उभे आहेत ते आमचे मोठे काका. त्यांचं नाव कुठे गेलं?” मी मागचे समूहफोटो पुन्हा काढून बघितले. प्रत्येकात अगदी डाव्या कडेचा माणूस गायब होता.

घरी येऊन ती ओळ उघडली. आकडा होता ८००३०००१४००५०००. मोजले तर पंधराच अंक. पिकासा सुरुवातीचं शून्य गाळून टाकतं. डावी कड फोटोच्या पहिल्या सहा-सव्वासहा टक्क्यांत असेल तरच आकडा शून्याने सुरू होतो, म्हणून फटका नेमका कडेला उभ्या असलेल्यांनाच बसत होता. माझा प्रोग्राम डावीकडून तुकडे पाडत होता आणि त्यातून निघणारी चौकट अशी, की डावी कड फोटोच्या मधोमध आणि उजवी कड तिच्याही अलीकडे. अशक्य चौकट म्हणून तो ती मुकाट्याने टाकून देत होता. पुढे एक शून्य लावलं, ०८०० ३००० १४०० ५०००, आणि चौकट डावीकडून तीन टक्क्यांवर, फेटा बांधलेल्या एका उंच माणसाच्या चेहऱ्यावर बरोबर बसली. दुसऱ्या दिवशी बाईंना तो फोटो पाठवला. तासाभराने त्यांचा फोन आला. फोटोतल्या बाकी सगळ्यांची नावं त्यांनी पुन्हा एकदा, डावीकडून उजवीकडे, मला वाचून दाखवली.